भरलेली टाकी आणि डिस्प्लेवर 11 टक्के

लातूरजवळच्या आमच्या शेंगदाणा तेलाच्या गिरणीत दोन मीटर उंचीच्या स्टीलच्या टाकीवर कपॅसिटिव्ह लेव्हल सेन्सर (टाकीतल्या तेलाची पातळी विजेच्या साहाय्याने मोजणारे उपकरण) बसवला, त्याला आता वर्ष होत आले. तरी पुरवठादाराच्या कार्यालयाने घालवलेल्या बावीस दिवसांची चीड अजून गेलेली नाही. झाकणाला भोक पाडणे, रॉड बसवणे, वायरिंग ही कामे दीड दिवसात उरकली. तिसऱ्या दिवशी टाकी भरली. शिडीवर चढून मोजपट्टी बुडवली, तर ती 1.9 मीटरच्या खुणेपर्यंत तेलाने माखली होती, आणि खाली डिस्प्लेवर आकडा होता 11 टक्के.

फोन केला की उत्तर एकच: "साहेब, सेन्सर आम्ही टेस्ट करूनच पाठवला आहे, तुमच्या वायरिंगमध्येच दोष असणार." वायरिंग दोनदा सोडून पुन्हा जोडले. मग सेन्सर परत पाठवायला लावला, आणि अकरा दिवसांनी तो 'दोष नाही' असा शेरा घेऊन आला. सोबतच्या चाचणीच्या कागदावर मात्र एक ओळ होती: माध्यम, पाणी. ऑर्डरच्या फॉर्मवर द्रवाच्या रकान्यात मी ठळक अक्षरांत 'शेंगदाणा तेल' लिहिले होते, आणि ते कोणी वाचलेच नव्हते.

सगळा घोळ एवढाच होता. सेन्सरचा मधला रॉड आणि त्याच्या बाहेरची नळी या कपॅसिटरच्या दोन पट्ट्या. मध्ये हवेच्या जागी द्रव चढला की धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, वाढते आणि त्यावरून पातळी कळते. पण ती किती वाढणार हे द्रवाच्या डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंटवर ठरते, आणि हवेचा हा आकडा सुमारे 1, तेलाचा 3 आणि पाण्याचा 80. शिवाय पाणी वीजवाहक असल्यामुळे टेफ्लॉनचे आवरण असलेल्या रॉडभोवती तेच दुसऱ्या पट्टीचे काम करते, त्यामुळे धारिता कितीतरी जास्त वाढते. सेन्सर रिकाम्या टाकीला 4 आणि भरलेल्या टाकीला 20 मिलिअँपियरचा प्रवाह देतो. पाण्यावर 'पूर्ण' ठरवलेला सेन्सर तेलात 20 च्या जवळपासही जाणार नव्हता. आमचा जेमतेम पावणेसहावर थांबला होता. शेवटी कार्यालय सोडून मी थेट त्यांच्या तंत्रज्ञाला गाठले. त्याने फोनवरच रेंज कमी करायला लावली, भरल्या टाकीत वरचा बिंदू आणि टाकी उपसल्यावर 4 मिलिअँपियरचा खालचा बिंदू नोंदवून घेतला, आणि वीस मिनिटांचे बोलणे बावीस दिवसांना पुरून उरले.

म्हणून सांगतो, सेन्सर ज्या टाकीत बसणार त्याच टाकीत आणि त्याच द्रवावर कॅलिब्रेशन, म्हणजे रिकाम्या-भरल्या बिंदूंची जुळणी, करून घ्या, आणि चाचणीच्या कागदावरचे माध्यम पैसे देण्याआधी वाचा. नुसत्या रॉडच्या सेन्सरमध्ये धातूच्या टाकीची भिंतच दुसरी पट्टी असते, पण टाकी प्लास्टिकची असेल, तर तिची भिंत ते काम करत नाही. नळीचा किंवा वेगळ्या अर्थिंगच्या रॉडचा सेन्सर मागावा लागतो.

आणखी एक आठवले. नळीच्या वरच्या टोकाला हवेचे भोक हवेच. ते बुजले की आत हवा अडकते, तेल चढत नाही आणि आकडा कमी दिसतो. रॉड आणि इलेक्ट्रॉनिक्सचा डबा वेगवेगळे असतील, तर मधली केबल बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करावे, कारण एक मीटर कोऑक्सिअल केबलचीच धारिता 100 पिकोफॅरडच्या आसपास असते आणि आमच्या दोन मीटर तेलाने होणारा सगळा फरक त्याहून फार मोठा नाही. न गाळलेल्या तेलातले पाणी तळाशी साचले, तरी आकडा एकदम उडी मारतो. तसे दिसले की आम्ही आधी तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढतो आणि मगच मोजपट्टी बुडवतो.