वही नव्या माणसाच्या हातात द्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेज ऑफिसांत काम करणाऱ्या माझ्या माणसांसाठी हे लिहितेय. मी अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठाच्या आयटी सपोर्टमध्ये आहे. इथे हेल्पडेस्कवर फोन उचलणारे बरेचजण विद्यार्थीच असतात. मे महिन्यात पदवी घेऊन ते निघून जातात, ऑगस्टमध्ये नवे येतात, आणि नेमके तेव्हाच सगळ्या कॅम्पसचे पासवर्ड आणि वायफाय अडलेले असतात. म्हणून एकाला ठाऊक असलेलं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं कसं, हा प्रश्न इथे दर वर्षी उभा राहतो.

आपल्याकडे माणसं वर्षानुवर्षं एकाच खुर्चीवर असतात, म्हणून तो झाकला जातो. चंदगडहून महाराष्ट्र बोर्डाची बारावी करून आलेल्या मुलीला बेळगावात प्रवेश घ्यायचा असतो. तिला कुठलं पात्रता प्रमाणपत्र लागेल, दाखल्यावर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल तर काय करायचं, कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या यूयूसीएमएस या ऑनलाइन पोर्टलवर चुकीचं नाव गेलं की दुरुस्तीचा कागद कुठल्या टेबलावर जातो, हे ऑफिसातल्या एखाद्या अण्णांनाच माहीत. "अण्णांना विचार की!" एवढंच उत्तर मिळतं. अण्णा रजेवर गेले की खिडकीपुढची रांग तिथेच थांबते.

माझे काका बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, होते. साच्याची वाळू मुठीत दाबून ओल बरोबर आहे का ते सांगायचे. ते कागदावर उतरत नाही, शेजारी उभं राहूनच हाताला येतं. सपोर्टच्या कामातही असा भाग असतो, पण आपण समजतो त्यापेक्षा तो फार थोडा आहे. बाकीचं लिहिता येतं. फक्त निवृत्तीच्या आठवड्यात लिहायला बसवलं तर येत नाही, कारण जुन्या माणसाला आपल्याला काय काय येतं हेच आठवत नाही. ते त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आमच्याकडे म्हणून नोंद नवा माणूस लिहितो. तो जुन्याशेजारी बसतो, अडलं की विचारतो आणि काम चालू असतानाच टिपून ठेवतो. पुढे दुसरा नवखा ती नोंद वाचून तेच काम करतो, आणि लिहिणाऱ्याने तेव्हा गप्प बसायचं. तो जिथे अडेल तिथे नोंद अपुरी. काम करता करताच लिहायची ही रीत केसीएस (नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस) नावाने १९९२ पासून घडत आली आहे. इंडियाना विद्यापीठाने तर १९८८ मध्येच सपोर्टच्या नोंदींचा नॉलेज बेस सुरू केला होता.

लिहायचं काय? "प्रॉब्लेम सुटला" एवढं लिहून तिकीट (म्हणजे त्या तक्रारीची नोंद) बंद केलं तर पुढच्याला काहीच मिळत नाही. विचारणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे घ्या. "दुसऱ्या कॉलेजात गेलो की एडुरोम लागत नाही," असं प्राध्यापक म्हणतात. (एडुरोम म्हणजे आपल्याच विद्यापीठाच्या लॉगिनवर इतर विद्यापीठांतही चालणारं वायफाय.) बऱ्याचदा त्यांनी लॉगिनमध्ये @ पुढचं विद्यापीठाचं नाव टाकलेलं नसतं. आपल्या कॅम्पसवर त्यावाचूनही चालून जाऊ शकतं, बाहेर गेलं की अडतं. शोधणारा उद्या "लागत नाही" हेच टाइप करणार. आपल्या खिडकीवर प्रश्न मराठीत आला तर मराठीत लिहा, कानडीत आला तर कानडीत.

आणि कारण लिहाच. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत एखाद्या महागड्या उपकरणाला जोडलेला जुना विंडोजचा संगणक असतो. उपकरणाचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो नेटवर्कपासून वेगळा ठेवलेला. नोंदीत नुसतं "अपडेट करू नये" असेल तर एखादा हुशार, कामसू मुलगा सुरक्षेच्या काळजीने नेमका तो अपडेट करून टाकेल. कारण लिहिलेलं असेल तर तो हात लावणार नाही, आणि उपकरण बदललं त्या दिवशी तो नियमही काढून टाकता येईल.

नुसत्या आठवणीवर चालवायचे दिवस तसेही सरत आलेत. वेबसाइटचं सुरक्षा सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा डिजिटल दाखला, तो मुदत संपली की नवा घ्यावा लागतो) २०२० नंतर जास्तीत जास्त ३९८ दिवसांच्या मुदतीचं झालं; २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मार्च २०२९ पासून ते ४७ दिवसांवर येईल. वर्षातून एकदा कुणालातरी आठवायचं ते काम दर दीड महिन्याने येणार. ते स्वयंचलित करावं लागेल, आणि कसं केलं हेही लिहून ठेवावं लागेल.

"सगळं लिहून दिलं तर मला कोण विचारणार?" ही भीती मी इथेही ऐकली आहे. कंत्राटावर असलेल्या ऑपरेटरच्या तोंडी ती अगदी खरी आहे, तिला हसू नये. नोंदीवर सांगणाऱ्याचं नाव ठेवा. प्राचार्यांनी त्या कामाला वेळ द्यावा, कंत्राट वाढवताना ते मोजावं. आमच्याकडे ज्यांच्या नोंदी सगळ्यात जास्त वापरल्या जातात, त्यांच्याकडेच अवघड प्रश्न येतात आणि सोपे फोन कमी होतात.

यंदा प्रवेश सुरू झाले की एका नव्या मुलाला अण्णांच्या शेजारी बसवा. महागडं सॉफ्टवेअर नको, सगळ्यांना उघडता येईल अशी एक शीट पुरे: प्रश्न, कारण, काय केलं, कुणी सांगितलं, शेवटचं कधी तपासलं. पासवर्ड मात्र त्या शीटमध्ये लिहू नका, त्यांची जागा वेगळी ठेवा.