तुम्ही विचारलंत म्हणून: गांजावाल्यांची वकिली

लग्नात, हळदीकुंकवाला, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत, कुठेही गेलं तरी प्रश्न तोच. "वकीलबाई, तुम्ही त्या गांजावाल्यांच्या केसेस का घेता?" कुणी हसत विचारतं, कुणी आवाज खाली आणून. पाठोपाठ दुसरा येतोच: "उद्या तुमच्याच मुलाच्या हातात पुडी आली तर?" इतकी वर्षं "वकील मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे" एवढं म्हणून मी विषय संपवत आले. ते खरंच आहे, पण त्यानं तुमचं समाधान होत नाही, आणि हल्ली माझंही होत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं, कारण तुमच्या मनात तेच असतं. खानदेशातल्या ज्या जिल्हा कोर्टात मी वकिली करते, तिथल्या माझ्या बहुतेक एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या, केसेस विधी सेवा प्राधिकरणाकडून येतात, म्हणजे गरिबांना फुकट वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून. त्यांच्या मानधनात महिन्याचं पेट्रोलसुद्धा धड निघत नाही. काही अशील खासगीही असतात, त्यांची फी मी घेते. त्यातले काही दोषी होते, हे मलाही कळतं. हे लपवायचं असतं तर लिहायला बसलेच नसते.

1985 च्या या कायद्यात सगळा खेळ वजनाचा आहे. गांजा एक किलोपर्यंत असला तर अल्प मात्रा, वीस किलोंच्या वर गेला की कमर्शियल, म्हणजे व्यापारी मात्रा. हेरॉईनला तीच रेघ पाच ग्रॅम आणि अडीचशे ग्रॅमची, एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या रासायनिक नशेला, दोन आणि पन्नासची. कमर्शियल ठरलं की शिक्षा दहा वर्षांपासून पुढे, आणि मध्ये कलम 37 उभं राहतं. म्हणजे जामीन द्यायचा तर न्यायाधीशांची आधीच खात्री पटायला हवी की हा माणूस दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर जाऊन तो पुन्हा असा गुन्हा करणार नाही. खटल्यातला एक साक्षीदारही तपासलेला नसताना! खोकल्याच्या कोडीनवाल्या औषधाचं घ्या. कोडीन म्हणजे अफूच्या जातीचं औषध. शंभर मिलीच्या बाटलीत कोडीन असतं साधारण दोनशे मिलिग्रॅम. दहा बाटल्यांत मिळून दोन ग्रॅम. पण एप्रिल 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग प्रकरणात मिश्रणाचं सगळंच वजन धरायचं असं ठरवलं. त्या हिशेबानं दहा बाटल्यांचं पाक-पाणी धरून किलोच्या वर जातं, आणि कोडीनची कमर्शियल रेघ एक किलोची आहे. दहा बाटल्यांसह सापडलेलं पोरगं आणि किलोभर शुद्ध कोडीन बाळगणारा माणूस, दोघांपुढे दार एकच. सरकारी बाजूचं कारणही मी ऐकलंय: रस्त्यावर शुद्ध माल विकलाच जात नाही, तो भेसळ करूनच विकतात, मग भेसळ वगळून मोजायचं कशाला? हा मुद्दा खोटा नाही. पण त्याच मापानं कोण मोजलं जातं, ते मी रोज बघते.

एक केस सांगते. गाव, नाव, साल काही सांगणार नाही, आणि ओळख पटेल ते सगळं बदललं आहे. सातपुड्यातला एक पाडा. पावरा आदिवासी कुटुंब, थोडीशी वनजमीन कसणारं. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली त्यांना पट्टा, म्हणजे त्या जमिनीचा हक्काचा कागद, मिळालेला. हा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो, कायद्यातच तसं आहे. जमिनीच्या कागदावर बाईचं नाव लागतं, हे मी कायदेविषयक शिबिरांतून किती अभिमानानं सांगत आले होते.

कापूस बोंडअळीनं खाल्लेला. पोलिसांचं म्हणणं, तुरीच्या ओळींमध्ये गांजाची झाडं होती. अशा लागवडीत बी कोण आणून देतं, उचल कोण देतं, माल कोण नेतं, हे पाड्यावर पोरासोरांनाही ठाऊक असतं. एफआयआरमध्ये त्या माणसाचा उल्लेख नव्हता. नवरा गुजरातेत मजुरीला गेलेला. धाड पडली तेव्हा घरात सासू, ही बाई आणि अंगावर पिणारी मुलगी. पट्ट्यावर नाव हिचं, सापडली ही.

झाडं मुळासकट उपटली. मुळांना मातीचे गड्डे, पाला ओला, दांडे जाडजूड. तशीच ट्रॉलीत भरली आणि काट्यावर नेली. वजन दोन क्विंटलच्या वर. आता कायद्यातली व्याख्या बघा. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरायच्या नाहीत. मुळं, माती यांचा तर प्रश्नच नाही. लागवडीसाठी वेगळं पोटकलम आहे, त्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत, पण अमुक वर्षं द्यायचीच असं नाही, आणि 37 चा अडसरही नाही. शेंडे कुणी वेगळे केले नाहीत. ट्रॉलीचं वजन कागदावर सरसकट 'गांजा' म्हणून चढलं आणि वीस किलोंची रेघ दहापट ओलांडून गेली. मातीसकट.

पंचनाम्याखाली तिचा अंगठा आहे. त्याच्या वर नेहमीची ओळ: 'पंचनामा मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' पंचनामा मराठीत. तिला पावरी सोडून दुसरी भाषा येत नाही.

मला ती पहिल्यांदा दिसली ती रिमांडच्या दिवशी, कोर्टाच्या व्हरांड्यात. आश्रमशाळेत शिकलेला दीर दुभाष्या म्हणून बरोबर होता. वकीलपत्रावर अंगठा दिला आणि त्याच शाईच्या अंगठ्यानं तिनं मुलीला सावरलं, तर झबल्यावर निळा डाग पडला. मी दिराकरवी विचारत होते, धाडीच्या वेळी काय झालं, कुणी काय म्हटलं, सह्या कुठे घेतल्या. ती थुंकी लावून तो डाग घासत होती. मग तिनं एकच गोष्ट विचारली. तुरीच्या शेंगा भरत आल्यात, त्या कोण काढणार? पुढच्या तारखेलाही तेच विचारलं, त्याच्या पुढच्या तारखेलाही.

सेशन्समध्ये मी वजनावर बोलले, व्याख्येवर बोलले, एरवी जामिनाच्या कायद्यात बाईला सवलत आहे हेही मांडलं. उत्तर ठरलेलं: रासायनिक विश्लेषकांचा अहवाल गांजा म्हणतोय, शेंडे किती आणि पाला किती हा पुराव्याचा भाग, तो खटल्यात बघू. शिवाय कलम 35 आहेच. आरोपीला ठाऊक होतं असं कोर्टानं गृहीतच धरायचं, आणि ठाऊक नव्हतं हे तिनं शंकेला जागा न ठेवता सिद्ध करायचं. खुनाच्या खटल्यातही आरोपीवर असलं ओझं नसतं. अर्ज फेटाळला गेला.

मुलगी तिच्याबरोबर आतच होती. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि ते योग्यच आहे, दुसरीकडे ती जाणार कुठे? पण आत सगळ्या बायकाच. दीर भेटायला आला की ती किंचाळून आईच्या पदराखाली शिरायची. सख्खा काका.

उच्च न्यायालयात जामीन झाला. मला वाटलं, सुटली. मग जामीनदार आला आडवा. सॉल्व्हंट जामीनदार पाहिजे, म्हणजे ज्याच्या नावावर काही मालमत्ता आहे असा. वनपट्ट्याची जमीन वारसाला जाते, पण विकता येत नाही की कुणाच्या नावावर करता येत नाही, त्यामुळे तारणाला तिचा उपयोग नाही. ज्या कागदामुळे ती आत गेली, तो कागद तिला बाहेर काढायला चालेना. तिच्या नात्यात सगळे असेच वनपट्टेवाले. जामीन राहायला एकच माणूस स्वतःहून पुढे आला, आणि तो कुणाचा माणूस आहे हे दिरानं मला ऑफिसच्या बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं. त्याच्या सहीवर ती सुटली असती तर पुढच्या पावसाळ्यात त्या शेतात काय लागलं असतं, ते सांगायला नको. घरच्यांनी नकार दिला. आणि जामिनाचा आदेश हातात असताना ती आणखी काही महिने आत राहिली. जामीन होऊनही जामीनदाराअभावी अडकलेल्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचे जानेवारी 2023 चे निर्देश आहेत, त्यांच्या आधारानं अर्ज करून शेवटी वैयक्तिक बाँडवर, म्हणजे जामीनदाराशिवाय तिच्या स्वतःच्या हमीवर, सोडवली. तूर कधीच गेली होती.

"पण शेतात गांजा होताच ना?" हे तुम्ही आता विचारणार. तिनं मला काय सांगितलं ते माझ्यापाशीच राहील. पण धरा, होता. धरा, तिला माहीतही होतं. झाडं उपटायलाच हवी होती. गुन्हा नोंदवायला माझी हरकत नाही. माझं म्हणणं एवढंच की तिला लागवडीच्या कलमाखाली धरा, शेंडे मोजा, तिच्या भाषेत तिला सांगा, आणि ज्यानं उचल दिली त्याचा माग काढा. यातलं काय जास्त मागितलं मी?

कॉलेजात असताना मी एका वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते, 'अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यांना फाशीच हवी.' पहिला नंबर आला होता. तेव्हा कायद्यात तसं होतंही. 1989 च्या दुरुस्तीनं मोठ्या साठ्याच्या दुसऱ्यांदा केलेल्या गुन्ह्याला फाशी सक्तीची केली होती. 2011 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती सक्ती घटनाबाह्य ठरवली, आणि 2014 मध्ये संसदेनं फाशी ऐच्छिक केली. त्या वक्तृत्ववाल्या मुलीला मी आज सांगते की बाई गं, तुझा व्यापारी कोर्टात येतच नाही, येतो तो त्याचा हमाल. ती म्हणते, मग हमालाला सोडून व्यापारी सापडणार आहे का? यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. हमाल तोंड उघडतो ते भीतीपोटीच, हे मी पाहिलंय. आणि चुकीच्या माणसाचं नाव घेतो तेही भीतीपोटीच, हेसुद्धा पाहिलंय.

आणखी एक सांगायलाच हवं. मालेगाव-धुळ्याकडे कुत्ता गोळी म्हणतात ती काय चीज आहे, तुम्हाला माहीत आहे. झोपेची, अल्प्राझोलमची गोळी, पोरं मूठमूठ खातात. अशा गोळ्या विकल्याचा आरोप असलेल्या एकाचा खटला मी चालवला. तो खासगी अशील होता, पैसे देणारा. नमुन्याच्या पाकिटावरचं सील पंचनाम्यातल्या सीलशी जुळत नव्हतं. प्रयोगशाळेत पोचलं ते याच्याच दुकानातलं होतं हे कुणालाच सांगता येईना. निर्दोष सुटला. आजही तो खटला मी तसाच चालवेन, कारण सील जुळलं नाही तरी चालतं असं एकदा ठरलं की उद्या कुणाच्याही खिशात काहीही सापडेल. त्या दिवशी जिन्यात एका बाईनं मला अडवलं. तिच्या मुलानं नशेत स्वतःच्या हातावर ब्लेडनं वार केले होते. ती भांडली नाही. "ताई, मग त्याला कोणी विकल्या ते तुम्ही सांगा," म्हणाली. मी सांगू शकले नाही. तुमचे सगळे प्रश्न एकीकडे आणि तिचा एकीकडे.

कायदा सैल केला तर गल्लोगल्ली मिळेल, असं तुम्ही म्हणता. आज कुठे मिळत नाही? सप्टेंबर 2021 मध्ये मुंद्रा बंदरावर जवळजवळ तीन टन हेरॉईन पकडलं गेलं. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच कुरकुंभ एमआयडीसीतल्या कारखान्यात एमडी बनत असल्याचं उघड झालं. एमडीला शेत लागत नाही, ऊन-पाऊस लागत नाही. रसायनं लागतात, रिअ‍ॅक्टर लागतो, शिकलेला केमिस्ट लागतो, शेड भाड्यानं देणारा लागतो. तिथे पोलिसांनी केलेली मेहनत खरी आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. असल्या तपासाला माणसं कमी पडतात आणि तुरीच्या शेतात ट्रॉली भरायला पुरतात, याचा मला राग येतो. मुंबईतल्या दंडाधिकारी कोर्टांतल्या प्रकरणांचा विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संशोधन संस्थेनं 2020 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुसंख्य प्रकरणं स्वतः ओढण्याची, आणि त्यातही मुख्यतः गांजाची. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट देणारं कलम 64 अ याच कायद्यात आहे. माझ्या कोर्टात मी ते कुणी वापरलेलं पाहिलं नाही. मी दोनदा अर्ज केले, आणि दोन्ही वेळा विचारलं गेलं की सरकारमान्य केंद्र कुठे आहे. जवळ नव्हतंच.

म्हणून सगळं खुलं करा, असं मी म्हणते का? गांजाबद्दल कधी कधी म्हणते. कुत्ता गोळी आणि एमडीबद्दल माझी जीभ रेटत नाही. जिन्यातली ती बाई आठवते, आणि वनपट्टेवालीही आठवते, आणि दोघींना एकाच कायद्यात न्याय कसा द्यायचा हे मला अजून जमलेलं नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मुलाच्या हातात पुडी आली तर मी त्याला डॉक्टरकडे नेईन आणि विकणाऱ्याची तक्रार पोलिसांत देईन. त्या विकणाऱ्याला वकील मिळायला हवा. तो वकील मी नसेन, तेवढी मोठी मी नाही. पण जो कुणी असेल त्याला तुम्ही लग्नात गाठून हा प्रश्न विचारू नका.

वनपट्टेवालीचा खटला अजून उभा आहे. नवऱ्यालाही नंतर अटक झाली, त्याच्यासाठी दुसरे वकील आहेत. पुढच्या तारखेला पंच येणार आहे, सरकारी नोकर आहे, समन्स बजावलंय. शेंडे वेगळे केले होते का, आणि पंचनामा तिला कोणत्या भाषेत वाचून दाखवला, एवढंच मला त्याला विचारायचं आहे.