गच्चीचं इन्सुलेशन: पैसे कुठून येतात आणि सप्टेंबरची सभा का चुकवायची नाही

एप्रिलमध्ये रात्री नऊला बाहेर बरा वारा सुटलेला असतो आणि वरच्या मजल्यावरचा पंखा मात्र गरम हवाच फिरवत असतो. पुण्याची हवा कोरडी, दिवस मावळला की पारा भराभर उतरतो. पण दिवसभर तापलेला सहा इंची स्लॅब ती धग रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतो. एसी घेण्याआधी गच्चीकडे बघावं ते यासाठी.

आधी पैशांचं. ‘इन्सुलेशन’ या नावाने पुण्यातल्या घरमालकाला हातात पडेल असं अनुदान नाही. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान सोलरचं आहे: पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, घरटी जास्तीत जास्त ७८,०००. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,०००. महापालिका मिळकतकरात सवलत देते ती सोलर, पर्जन्यजलसंचय आणि गांडूळखत यांना. एक केलं तर ५ टक्के, दोन केली तर १०. गच्चीला पांढरा रंग मारून कोणी सवलत मागायला गेलं तर हात हलवत परत यावं लागेल. कर्ज काढून काम केलं आणि जुन्या करप्रणालीत असाल, तर राहत्या घराच्या दुरुस्ती-कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. मुद्दलावर नाही.

खरा पैसा असतो वॉटरप्रूफिंगच्या बजेटात. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्चीतून होणारी गळती दुरुस्त करणं आणि त्यामुळे खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत नीट करणं हा सोसायटीचा खर्च. उकाडा मात्र ज्याचा त्याचा! म्हणून जुनं वॉटरप्रूफिंग संपत आलं की त्याच कामात इन्सुलेशन बसवून घ्यायचं. त्यासाठी एक्सपीएस, म्हणजे पाणी न पिणाऱ्या कडक फोमच्या शीट, वापरतात. ठराव साधारण असा लिहावा: ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग करताना ५० मिमी एक्सपीएस शीट घालावी, शीट व ती बसवण्याचा वाढीव खर्च वरच्या मजल्यावरील सदस्यांनी समान वाटून द्यावा.’ मजुरी, माल चढवणं, राडारोडा उचलणं हे सगळं एकदाच होतं. खालच्या मजल्यावरच्यांनाही हरकत घ्यायला फारसं काही उरत नाही.

आता किती जाड शीट? उष्णता किती आत येते हे यू-व्हॅल्यूने मोजतात. आकडा जितका लहान तितकं बरं. नुसत्या १५० मिमी आरसीसी स्लॅबचा आकडा ३ च्या आसपास येतो. त्यावर चार इंची विटांचा कोबा (विटांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून केलेला थर) असला तरी फार तर सव्वादोन. कोबा म्हणजे इन्सुलेशन हा गैरसमज इथे फार जुना आहे. कोबा उतार देतो, पाणी अडवतो, आणि वजन वाढवतो. नुसत्या स्लॅबवर २५ मिमी एक्सपीएस घातली की आकडा १ च्या जवळ येतो, ५० मिमीला ०.६. इको-निवास संहिता २०१८ मध्ये (घरांसाठीची केंद्राची ऊर्जाबचत संहिता) छतासाठी मर्यादा १.२ आहे. म्हणजे पहिला इंचच बहुतेक काम करतो. ५० मिमी घालावी, ७५ च्या मागे लागू नये.

हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर. १.२५ बाय ०.६ मीटरच्या १२४ शीट लागतात, तुटफूट धरून १३० मागवा. वर ५० मिमी काँक्रीटचा थर, म्हणजे जवळजवळ ११ टन. जुना कोबा तसाच ठेवून त्यावर हे चढवायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्या. कोबा काढला तर १६-१७ टन खाली उतरतात, ते उचलायचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या. नाहीतर कामाच्या मध्यावर तो ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतो.

क्रम असा: स्लॅब साफ, भेगा उघडून भरणं, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कोपऱ्यात गोल वाटा, म्हणजे सिमेंटने गोलसर केलेला कोपरा, वॉटरप्रूफिंग, मग ७२ तास पाणी तुंबवून चाचणी. खालच्या घरात ओल दिसली नाही तरच शीट. त्यावर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), मग जाळी घालून काँक्रीट, दर दोन-अडीच मीटरवर सांधा सोडून आणि मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार ठेवून. सगळ्यावर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइल्सच्या तुकड्यांची फरशी.

बिघडतं कुठे? शीटवर सॉल्व्हंटचा प्रायमर लावला की ती विरघळते. टॉर्चने मेम्ब्रेन (वॉटरप्रूफिंगचा डांबरी पत्रा) चिकटवणारा गडी शेजारी काम करत असेल तर ती वितळते. स्वस्तात पडतं म्हणून साधं थर्माकोल घातलं तर ते पाणी पितं. आणि पातळी चार इंचांहून जास्त वाढल्यावर पावसाच्या पाइपाचं तोंड खाली राहतं, पॅरापेट बुटका होतो, जिन्याच्या दाराचा उंबरठा बुडतो. हे तिन्ही काम सुरू व्हायच्या आधी टेपने मोजा.

एवढं बजेट नसेल तर रिफ्लेक्टिव्ह पेंटचे दोन हात. घोटीव पृष्ठभागावर तो सोलतो, म्हणून जुन्या चायना मोझॅकवर प्रायमर हवाच. खरं तर आधी तो मोझॅक साबण आणि ताठ ब्रशने धुऊन बघा. काळा पडलेला मोझॅक पुन्हा पांढरा झाला तर पेंटची गरजच उरत नाही. अ‍ॅसिड नको, सांधे खातं. पुण्यातली धूळ पेंटचाही पांढरेपणा घालवते, तेव्हा मार्चमध्ये एकदा धुणं आलंच. चुना हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण तो दर वर्षी पावसाबरोबर जातो.

सोलर लावायचं असेल तर ते शेवटी. पॅनेल सावलीही देतात, पण आधी पॅनेल आणि नंतर वॉटरप्रूफिंग म्हणजे सगळा सांगाडा उतरवणं. पायांसाठी स्लॅबला भोकं पाडू देऊ नका. काँक्रीटचे रुंद ठोकळे पृष्ठभागावर ठेवून त्यावर पाय घ्या, वाऱ्याचा हिशेब इंजिनिअरकडून करून. अनुदान हवं असेल तर पॅनेल देशी बनावटीचेच लागतात.

वेळापत्रक मात्र उलटं मोजायचं. काम कोरड्या हवेत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारणं, म्हणजे जानेवारीअखेर ओतलेलं बरं. त्याआधी तीन कोटेशनं दिवाळीपूर्वी. त्याआधी ठराव, आणि वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, नोटीस १४ दिवस आधी निघते. म्हणजे सेक्रेटरींच्या हातात तुमचं पत्र ऑगस्टमध्येच पडायला हवं.