गोळी आधी, चहा मागनं

मंगळवार पेठेत चहाशिवाय दिवस उगवत नाही. माझी गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावलीय, त्यासाठीची थायरॉक्सिनची गोळी मात्र उपाशीपोटी, नंतर अर्धा-पाऊण तास चहा बंद. सासूबाई म्हणतात, "एवढीशी गोळी, लाड किती!" करावेच लागतात, चहा-कॉफीनं ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या तर चार तास लांब.

1891 मध्ये इंग्लंडात डॉक्टर जॉर्ज मरे यांनी थायरॉईड मंदावलेल्या एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. उपचार चालू ठेवून ती 1919 पर्यंत जगली. भारीच की! आमच्याकडं कंगवाभर केस गळाले, भर उन्हाळ्यात स्वेटर घातला, तरी निदान एकच: "आळशी झालीस."

डोस बदलला की रक्तातला टीएसएच, म्हणजे थायरॉईडचं काम कसं चाललंय ते सांगणारा हार्मोन, सहा-आठ आठवड्यांनी तपासायचा. त्याआधी तो स्थिरावत नाही. शेजारच्या काकू दर आठवड्याला लॅब गाठतात. त्यांना कोण सांगणार?