रिंगणातला आवाज

जळगावात माझं साऊंडचं काम आहे. लग्नं, हळदी, कीर्तनं, सभा. मंडपात आवाज एका बाजूने सुटतो आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा म्हणून रेटावा लागतो. मार्चमध्ये एका कलादालनातून बोलावणं आलं, ते मात्र निराळंच. पुण्याची एक ध्वनिकलावंत खान्देशात फिरून रेकॉर्ड केलेले आवाज आठ स्पीकरांवर वाजवणार होती. स्टेज नव्हतंच. मधोमध पाठीला पाठ लावून खुर्च्या आणि भोवती स्पीकरांचं रिंगण.

स्पीकर 45-45 अंशांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला लावले. टेपने मध्यापासूनचं अंतर मोजलं. खांबांमुळे दोन स्पीकर आत घ्यावे लागले, त्यांना डिले दिला, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडला. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात आणि जो आवाज आधी पोचतो त्याच्याकडेच कान दिशा धरतो. डावं-उजवं ओळखायला तर मेंदूला दोन कानांमधला 1 मिलिसेकंदाहूनही कमी फरक पुरतो. एवढं नाजूक यंत्र प्रत्येकाच्या डोक्यात आहे आणि आपण त्याच्यावर नुसता बास आदळतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती. टाळी वाजवली की खणखणत परत यायची. मग भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंज्या पसरल्या. उकाडा होता, तरी पंखे बंद ठेवले. त्यांच्या घरघरीत बारीक आवाज मेले असते.

अशी मांडणी नवी नाही. 1958 साली ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात ल कॉर्बुझिए (चंदीगड आखणारे तेच) यांच्या कार्यालयाने फिलिप्सचा मंडप उभारला होता. त्यात एदगार वारेझ यांचं संगीत शेकडो स्पीकरांवरून भिंतींच्या कडेकडेने धावायचं. आमच्याकडे आठच होते, पण त्या पुण्याच्या मुलीचा हात फेडरवर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांवर) असा चालायचा की दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून आवाज यायचा. भुसावळ यार्डातली मालगाडी एका कोपऱ्यातून शिरून डोक्यावरून तिरकी निघून गेली. पाठोपाठ जिनिंगची धडधड, आणि यावलकडच्या केळीच्या बागेतला वारा. तो वारा आठही बाजूंनी एकदम आला. पानं फाटल्याचा आवाज कुठे जवळ, कुठे लांब. लेव्हल इतकी खाली होती की शेजाऱ्याचा श्वास ऐकू येत होता.

मग जातं. त्याची घरघर रिंगणात फिरू लागली आणि त्यावर एका बाईची ओवी. बहिणाबाईंचं आसोदं इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जात्यावरची ओवी आम्हाला नवी नाही. पण ती पाठीमागून कानाशी येते तेव्हा अंगावर काटा येतो. पारोळ्याकडच्या एक आजी खुर्चीतच वळल्या आणि नातीला म्हणाल्या, “जातं कोठे शे वं?” त्यांची मान आवाजाबरोबर फिरत राहिली.

कार्यक्रम संपल्यावर आजी थेट त्या पुण्याच्या मुलीकडे गेल्या. बाजरी दळत होती ना, असं विचारलं. बाजरीच होती. मग म्हणाल्या, शेवटाला वैरण (जात्यात घालायचे दाणे) कमी पडली, दगडाला दगड लागत होता. मुलीला आठवलं: ओवी गाता गाता त्या बाईंचा हात थांबला होता, दाणे घालायचे राहिले होते. मी दुपारभर तेच रेकॉर्डिंग स्पीकर जुळवायला ऐकत होतो, मला तो फरक कळला नव्हता. रेकॉर्डिंगमध्ये तो आहे, आता मला स्पष्ट ऐकू येतो.

श्रावणात आमच्या खान्देशातली देवी कानबाई घरोघरी बसते तेव्हा बाया रात्रभर गाणी म्हणतात. दरवर्षी त्यांच्यापुढे एक माईक ठेवून बाहेर भोंगे लावतात. यंदा एका घरी मी विचारून ठेवलं आहे: भोंगे नकोत, बायांच्या मधोमध माईकांचं रिंगण ठेवून प्रत्येकीचा आवाज तिच्या जागेवरूनच रेकॉर्ड करतो. घरच्यांचा होकार आहे. त्या आजींनाही ऐकायला बोलावणार आहे.