आमची वाटचाल : १४५० आणि २९००

पंप बनवायला हिंगणा एमआयडीसीत शेड घेतली तेव्हा एक जुना लेथ होता आणि भागीदाराचा हात होता. इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक, बॅलन्स करताना तो शाफ्ट दोन घासलेल्या पट्ट्यांवर ठेवायचा आणि जड बाजू खाली येईपर्यंत बोलायचा नाही. त्या पट्ट्यांना मी आजही कुणाला हात लावू देत नाही. मिनिटाला १४५० फेरे घेणाऱ्या पंपाला ते बॅलन्सिंग पुरायचं. २९००ला तोच असमतोल चौपट जोराने बेअरिंगवर बसतो.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग खाणीतलं पाणी उपसणाऱ्या एका कंत्राटदाराने आठ पंप मागितले. स्पर्धकाने २९००चे पंप लावून दर पाडला. तीस मीटर हेडला, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला, १४५०चा इम्पेलर सव्वातीनशे मिलिमीटरच्या आसपास लागतो, २९००ला त्याच्या निम्मा. ओतीव बीड कमी, मोटर लहान, पाया लहान. भागीदार म्हणाला, ऑर्डर सोड. मी सोडली नाही, २९००चेच आठ पंप दिले.

पाणी गाळाचं, खड्डा खोल, त्यात मे महिना. पाणी तापलं की ते सक्शनमध्ये, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, लवकर उकळी धरतं, आणि तेवढंच पाणी दुप्पट वेगाने काढायचं तर पंपाला सक्शनकडे दाब अडीचपट लागतो. तो मिळणार कुठून? उकळीचे बुडबुडे फुटून पंप गिट्टी दळल्यासारखे वाजायला लागले. उघडले तर पात्यांची तोंडं स्पंजासारखी झालेली. निम्म्या घेराच्या इम्पेलरवरून गाळ मात्र पूर्ण गेलेला. कंत्राटदाराने पैसे अडवले, ते आजतागायत दिले नाहीत, वर गावभर आमचंच नाव खराब केलं. खोली मोजून घ्या, असं मी लेखी कळवलं होतं. ते पत्र फाइलला आहे. भागीदार त्याच पावसाळ्यात वेगळा झाला.

लेथ विकायला काढला होता. तेव्हा काटोलचे एक संत्रा बागायतदार, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, दोन पंपांचा अॅडव्हान्स रोख घेऊन आले. “अरे बाप्पा, तू शटर पाडशीन तं म्या कोनाकडं जाऊ?” लेथ राहिला.

पंप घेणाऱ्यांना सांगतो, २९०० वाईट नाही. टाकी पंपाच्या वर असेल, पाणी स्वच्छ असेल, रोज दोन-तीन तासच चालवायचा असेल तर तोच घ्या, पैसे वाचतील. पण विहिरीत लोंबकळत्या सक्शनला, चोवीस तासांच्या कामाला किंवा गाळाला नको. आणि ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं यंत्र, बसवून वेग वाढवणाऱ्यांनी आधी मोटरचं नेमप्लेट वाचावं. वेग दहा टक्के वाढवला तर पाणी दहा टक्के वाढतं, पण मोटरवरचा भार तेहेतीस टक्के चढतो. आम्ही आता सक्शनची खोली विचारल्याशिवाय दर देत नाही, गिऱ्हाईक चिडलं तरी.

संत्र्याच्या अंबिया बहाराचं पाणी सोडायच्या आधी भाऊंचा जुना पंप दरवर्षी शेडवर येतो. शाफ्टवरची स्लीव्ह बदलतो, गळती थांबवणारी ग्लँड दोरी नवी भरतो. इम्पेलर अजून पहिलाच आहे, भागीदाराने त्या पट्ट्यांवर बॅलन्स केलेला.