तळणीचं तेल आणि थर्मामीटर

इतकी वर्षं तेल ‘तापलं’ हे मी अंदाजानंच ठरवत होते. परवा थर्मामीटर बुडवला तर काटा २१५ वर! बटाट्याचे काप बाहेरून काळपट आणि आत कच्चे का राहायचे, ते तेव्हा कळलं. आता १७५ ते १८० अंशांवर आच सांभाळते.

कापातलं पाणी वाफ होऊन बाहेर उसळत असतं, तोवर तेल आत फारसं शिरत नाही. कढई गच्च भरली की तेलाचं तापमान एकदम उतरतं, बुडबुडे मलूल होतात आणि काप तेलकट. म्हणून मूठभरच सोडायचे, घाई असली तरी.

लोण्यात तळायचा हट्टही एकदा करून झाला. त्यातला दुधाचा अंश १५० च्या आसपासच करपायला लागतो. (भांडं दोन दिवस भिजत होतं.) तुपातून तो अंश आधीच निघालेला असतो, म्हणून ते टिकतं. एरवी मी रिफाइंड शेंगदाणा तेलच घेते. २२० च्या पुढे गेल्याशिवाय धुरावत नाही. सूर्यफुलाचंही चालतं, पण कढईच्या काठाला त्याचा जो चिकट पिवळा थर बसतो, तो घासताना जीव जातो.

उरलेलं तेल गार झाल्यावर गाळून ठेवते. फेस विरेनासा झाला की टाकायचं. सिंकमध्ये मात्र नाही!